खांद्याच्या तपासण्या किती भरवशाच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खांदा दुखायला लागला की माणूस आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, तिथून फिजिओथेरपीला, आणि मधेच कुणीतरी "एमआरआय करून घ्या" म्हणतं. प्रत्येक ठिकाणी हात वर करायला लावतात, कागदावर काही आकडे पडतात आणि दोन कागदांवरचे आकडे जुळत नाहीत. मग पेशंट विचारतो, "यातलं खरं कुठलं?" मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. याच आकड्यांवर व्यायाम बदलतात, इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं, कधी ऑपरेशनसुद्धा ठरतं. पेशंट, त्यांच्या घरचे आणि फिजिओथेरपीचे विद्यार्थी नेहमी जे विचारतात ते इथे घेतलं आहे. आकडेमोडीचा भाग विद्यार्थ्यांसाठी आहे, बाकीच्यांनी तो सोडून पुढे वाचलं तरी काही अडत नाही.

खांद्याच्या तपासणीत नेमकं काय काय बघतात?

ढोबळमानाने चार गोष्टी. हात किती अंश हलतो, हे पहिलं. दुसरं, पाठीवरचं त्रिकोणी हाड, ज्याला आपण फरा म्हणतो आणि डॉक्टर स्कॅप्युला, ते कुठे बसलंय आणि हात वर जाताना कसं सरकतंय. तिसरं, ठरावीक पद्धतीने हात फिरवून किंवा दाबून दुखणं कुठून येतंय याचा अंदाज. आणि कधीकधी चौथं, डोळे मिटल्यावर आपला हात कुठे आहे हे पेशंटला कितपत कळतं.

या चौघांचा भरवसा सारखा नाही. अंशांचं मोजमाप नीट केलं तर बऱ्यापैकी पक्कं असतं. फऱ्याच्या जागेचं मोजमाप कच्चं असतं. दुखवून बघायच्या तपासण्यांमध्ये खरी गल्लत होते ती अर्थ लावताना.

तपासणी "भरवशाची" आहे म्हणजे ती "बरोबर" आहे, असंच ना?

नाही. बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पाच मिनिटं पुढे ठेवलेलं असतं. ते रोज, न चुकता, पाचच मिनिटं पुढे असतं. म्हणजे ते भरवशाचं आहे, पण वेळ मात्र चुकीची दाखवतं. तपासणीचंही तसंच आहे. पुन्हा पुन्हा केल्यावर तोच निकाल येणं म्हणजे विश्वासार्हता. जे मोजायचं म्हणतोय तेच खरोखर मोजलं जाणं म्हणजे वैधता. विश्वासार्हता नसेल तर वैधतेचा विचारच करायला नको. पण विश्वासार्हता असली म्हणजे वैधता आपोआप येते असं नाही.

विश्वासार्हता दोन तऱ्हांची. एकाच माणसाने पुन्हा मोजलं तर आकडा किती जुळतो ही एक, आणि दोन वेगवेगळ्या माणसांनी मोजलं तर किती जुळतो ही दुसरी. खांद्याच्या बाबतीत पहिली जवळजवळ नेहमी दुसरीपेक्षा चांगली निघते.

एका ठिकाणी हात १३० अंश वर जातो म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी १४५. कोण चुकलं?

बहुतेक वेळा कुणीच नाही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात आणि कागदावर दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं.

हात समोरून वर नेण्याचं मोजमाप जवळून बघा. पेशंट उताणा झोपलाय, गुडघे दुमडलेले आहेत. खांद्याच्या बाहेरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा लागतो, त्याच्या जरा खाली गोनिओमीटरचा, म्हणजे दोन पट्ट्यांच्या कोनमापकाचा, मध्य ठेवायचा. एक पट्टी छातीच्या बाजूने, काखेतून खाली जाणाऱ्या मधल्या रेषेला समांतर. दुसरी पट्टी दंडावरून कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याकडे रोखलेली. मग हात वर न्यायचा आणि जिथे तो थांबतो तिथे आकडा वाचायचा. ऐकायला सोपं आहे. पण हात शेवटाला आला की पेशंट नकळत बरगड्या उचलतो, कमरेला कमान येते, आणि खांदा जरासुद्धा न हलता कोनात भर पडते. गुडघे दुमडून घ्यायचे ते यासाठीच. जो तपासनीस ही कमान धरतो त्याचा आकडा कमी येतो, जो सोडून देतो त्याचा जास्त.

त्यात आणखी फरक पडतात. बसवून मोजलं की झोपवून? हात पेशंटने स्वतः उचलला की तपासणाऱ्याने उचलून दिला? दुखायला लागलं तिथे थांबलात, की दुखणं सोसून पुढे गेलात? आधी शेक दिला होता का, व्यायाम झाला होता का, सकाळी वेदनाशामक गोळी घेतली होती का? यातली एक गोष्ट बदलली तरी आकडा बदलतो.

स्वतः उचलणं आणि उचलून देणं यांतला फरक तर अतिशय कामाचा असतो. उचलून दिल्यावर हात पूर्ण जातो पण स्वतःहून अर्ध्यावर अडतो, तेव्हा संशय स्नायूंवर किंवा त्यांच्या नसेवर जातो. दोन्ही तऱ्हांनी तेवढाच अडकत असेल तर सांध्यावर किंवा त्याच्या आवरणावर. कागदावर नुसतं "१३० अंश" लिहून ठेवलं तर ही सगळी माहिती वाया जाते.

मग कोणत्या हालचालीच्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायचा?

याचं उत्तर १९८७ मध्ये अमेरिकेत रिडल, रॉथस्टाइन आणि लॅम्ब यांनी केलेल्या अभ्यासातून चांगलं मिळतं. त्यांनी प्रयोगशाळेऐवजी नेहमीच्या रुग्णसेवेत, खऱ्या पेशंटवर, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडूनच मोजमापं करवून घेतली. लहान आणि मोठा असे दोन गोनिओमीटर वापरले. एकाच थेरपिस्टने पुन्हा मोजल्यावर सगळ्या हालचालींचा जुळणीचा गुणांक ०.८७ ते ०.९९ आला. गुणांक १ म्हणजे तंतोतंत जुळणी, तेव्हा हे उत्तमच. गोनिओमीटर लहान की मोठा, याने काही बिघडलं नाही.

दोन वेगळ्या थेरपिस्टनी मोजल्यावर मात्र चित्र दुभंगलं. हात समोरून वर नेणं, बाजूने वर नेणं आणि बाहेर फिरवणं, या तिन्हींत गुणांक ०.८४ ते ०.९० राहिला. हात मागे नेणं, आत फिरवणं आणि छातीसमोर आडवा नेणं-आणणं यांत तो ०.२६ ते ०.५५ इतका खाली आला. ही दरी लहान नाही.

तेव्हा हात वर जाण्याचे आणि बाहेर फिरण्याचे आकडे दोन दवाखान्यांतले असले तरी ताडून बघायला हरकत नाही. आत फिरवण्याचा आकडा एकाने काढला असेल तर तो दुसऱ्याच्या आकड्याशी ताडू नये.

आत फिरवण्याचं मोजमाप इतकं कच्चं का?

कारण त्या हालचालीत फरा चोरून मदत करतो. पेशंट उताणा, दंड बाजूला ९० अंशांत, कोपर ९० अंशांत वाकलेलं, आणि तळहात पायांच्या दिशेने खाली न्यायचा. थोडं पुढे गेलं की खांद्याचा पुढचा भाग टेबलावरून वर उचलला जातो. तिथे थांबायचं, की हाताने दाबून धरायचं, की सोडून द्यायचं? दाबायचं तर दंडाच्या हाडाच्या वरच्या गोळ्यावर दाबायचं की फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकावर? दाबण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे. कॉलेजात असताना कुठल्या सरांनी कसं शिकवलं यावर प्रत्येकाची पद्धत ठरते, आणि मग दोन दवाखान्यांचे आकडे जुळत नाहीत.

"पाठीमागे हात न्या" म्हणतात आणि मणके मोजतात. ती तपासणी चांगली का?

पेशंटच्या दृष्टीने ही सगळ्यात जिव्हाळ्याची तपासणी. ब्लाऊजचा हूक, पाठीवरचा साबण, पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट, सगळं याच हालचालीवर चालतं. "हात पाठीवर जायला लागला" हे वाक्य ऐकलं की माझा दिवस चांगला जातो.

पण मोजमाप म्हणून ती अडचणीची आहे. अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचला ते बोटांनी चाचपून ठरवतात. फऱ्याचं खालचं टोक पाठीच्या सातव्या मणक्यासमोर येतं असं पाठ्यपुस्तकात शिकवतात, प्रत्यक्षात ते माणसागणिक वरखाली असतं. अंगावर थोडी चरबी असली की मणका चाचपणं आणखी अवघड. शिवाय हात पाठीवर चढतो तो एकट्या खांद्याच्या सांध्यामुळे नाही. फरा कलतो, कोपर वाकतं, मनगट वळतं. म्हणून दोन तपासनिसांचे मणके जुळत नाहीत यात नवल नाही.

मी स्वतः मणका लिहिण्यापेक्षा "हात कमरेच्या पट्ट्यापर्यंत", "फऱ्याच्या खालच्या टोकापर्यंत" असं लिहिते, किंवा मानेच्या तळाशी ठळक लागणाऱ्या मणक्यापासून अंगठ्यापर्यंतचं अंतर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजते. अंगठ्याचं टोक दिसतं, तो मणका दिसतो, टेप दिसते. चाचपून मोजणी करण्याची गरज उरत नाही.

आयसीसी ०.९० आली म्हणजे मोजमाप निर्धोक, असं आम्हाला शिकवलं. बरोबर? (विद्यार्थ्यांसाठी)

अर्धंच. आयसीसी, म्हणजे वर जो जुळणीचा गुणांक म्हटला तो. २०१६ मध्ये कू आणि ली यांनी दिलेली उतरंड आता बहुतेक जण वापरतात: ०.५० च्या खाली कमकुवत, ०.७५ पर्यंत मध्यम, ०.९० पर्यंत चांगली, त्यावर उत्कृष्ट. "आहे की नाही" अशा निकालांसाठी कोहेनचा काप्पा वापरतात, तो १९६० पासून चालत आलाय.

पण आयसीसी फसवी असू शकते. तुमच्या अभ्यासात निम्मे पेशंट ठणठणीत आणि निम्मे आखडलेल्या खांद्याचे घेतलेत, तर माणसामाणसांतला फरकच इतका मोठा होतो की मोजण्यातली चूक त्यात झाकली जाते आणि आयसीसी सुंदर येते. तीच पद्धत, तेच हात, पण सगळे पेशंट एकसारखे घेतले तर आयसीसी घसरते. म्हणून आयसीसीबरोबर नेहमी मोजमापाची प्रमाण त्रुटी मागायची. ती अंशांत असते, आणि दवाखान्यात कामाला येते ती हीच.

हिशेब असा. पेशंटमधला प्रमाण विचलन गुणिले, एकमधून आयसीसी वजा करून आलेल्या संख्येचं वर्गमूळ. समजा विचलन २० अंश आहे आणि आयसीसी ०.९०. तर ०.१० चं वर्गमूळ साधारण ०.३१६, आणि त्रुटी ६.३ अंश. आता दोन भेटींतला बदल बघायचा असेल तर चूक दोन्ही भेटींत होते, म्हणून या त्रुटीला २.७७ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण १७.५ अंश. म्हणजे "चांगली" समजल्या जाणाऱ्या आयसीसीतसुद्धा १५ अंशांची सुधारणा ही निव्वळ मोजण्यातली हालचाल असू शकते. आयसीसी ०.९७ असेल तर तोच हिशेब ९.६ अंशांवर येतो. हे उदाहरण समजावण्यापुरतं घेतलंय, पण एकदा वहीत स्वतः करून बघा. ०.९० ऐकून समाधान मानायची सवय तिथेच सुटते.

ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ ची आलेखाची पद्धतही शिकून घ्या. दोन तपासनिसांतला एक जण नेहमीच जास्त मोजतो का, हे त्यात डोळ्यांना दिसतं.

मला इतकं गणित नको. किती अंशांनी वाढलं की "सुधारलं" म्हणायचं?

एकाच थेरपिस्टने, त्याच पद्धतीने मोजलं असेल तर पाच अंशांच्या आतला फरक विसरून जा. दहाच्या वर गेला आणि पुढच्या भेटीतही टिकला तर आनंद माना. थेरपिस्ट बदलला असेल तर पंधराच्या खालच्या फरकावर काही ठरवू नका, उपचार वाढवू नका आणि बंदही करू नका. हा माझा कामापुरता ठोकताळा आहे, नियम म्हणून सांगत नाही. एकाच आकड्याकडे बघण्यापेक्षा तीन-चार भेटींचा कल बघणं केव्हाही बरं.

"तुमचे दोन्ही फरे समान नाहीत, उजवा १ सेंटिमीटर बाहेर आहे" असं सांगितलंय. काळजी करू का?

नाही. हा प्रश्न फार जण घाबरून विचारतात म्हणून सविस्तर सांगते.

फऱ्याकडे लक्ष देण्यामागे कारण चांगलं आहे. हात पूर्ण वर जातो तेव्हा साधारण दोन हिस्से हालचाल खांद्याच्या सांध्यात होते आणि एक हिस्सा फऱ्याच्या फिरण्यातून येते. हे २:१ प्रमाण इनमन, साँडर्स आणि ॲबट यांनी १९४४ मध्ये मांडलं. फरा नीट फिरला नाही तर खांद्यावर ताण येणार, हे तर्काला धरून आहे. म्हणून अमेरिकन शल्यविशारद किबलर यांनी एक सोपी तपासणी सुचवली. तीन स्थितींत, म्हणजे हात बाजूला सोडून, हात कमरेवर ठेवून आणि हात ९० अंश बाजूला उचलून आत फिरवून, फऱ्याच्या खालच्या टोकापासून पाठीच्या कण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं. दोन्ही बाजूंत १.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

टेप लागते, दोन मिनिटं लागतात, म्हणून ही तपासणी सगळीकडे पसरली. पण २००१ मध्ये ओडम आणि सहकाऱ्यांनी ती कसून तपासली, तेव्हा दोन गोष्टी उघड झाल्या. एका बाजूचं अंतर मोजणं ठीक जमतं, पण दोन बाजूंतला फरक काढला की भरवसा उतरतो. याचं कारण साधं आहे. दोन्ही अंतरं जवळपास सारखी असतात, त्यांच्या वजाबाकीतून छोटासा आकडा उरतो, आणि मोजण्यातल्या दोन्हीकडच्या चुका मात्र त्या छोट्या आकड्यात जमा होतात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: दुखरा खांदा कुणाचा आणि बरा कुणाचा, हे या तपासणीने ओळखता येत नव्हतं. त्या कामासाठी ती वापरू नये असाच त्यांचा निष्कर्ष होता.

मोजताना काय होतं तेही बघा. फऱ्यावर स्नायूचा थर आहे, त्यावर चरबी, त्यावर कातडी. हात उचलला की हाड कातडीच्या आतून सरकतं. पेनाने काढलेली खूण तिथेच राहते आणि हाड पुढे गेलेलं असतं. तिसऱ्या स्थितीत स्नायू फुगतो आणि टोक बोटाला लागतच नाही. अशा मोजमापावर एका सेंटिमीटरची भीती घालणं मला अजिबात पटत नाही. ज्या हाताने आपण आयुष्यभर लिहितो, उचलतो, फेकतो त्या बाजूचा खांदा जरा वेगळा बसणारच. दुखत नसलेल्या हजारो माणसांचे फरे असमान असतात.

टेप सोडा, नुसतं बघून फऱ्याची हालचाल ओळखता येते का?

टेपपेक्षा बरी येते. २००९ मध्ये मॅक्क्लूर, टेट आणि सहकाऱ्यांनी यासाठी नेमकी पद्धत बसवली. पेशंटच्या दोन्ही हातांत वजन द्यायचं, साधारण ६८ किलोच्या आतल्या माणसाला १.४ किलो, त्यावरच्याला २.३ किलो. पाच वेळा हात समोरून वर आणि पाच वेळा बाजूने वर, सावकाश. मागे उभं राहून फऱ्याची कड पाठीपासून सुटते का, हात खाली येताना तो झटका देतो का, ते बघायचं. निकाल तीनच: ठीक, किंचित बिघड, ठळक बिघड. आधी उदाहरणांच्या चित्रफिती दाखवून तपासनिसांना तयार केलं होतं. दोघांचं मत पंचाहत्तर ते ब्याऐंशी टक्के वेळा जुळलं, काप्पा, म्हणजे अशा निकालांचा जुळणीचा गुणांक, ०.४८ ते ०.६१. "मध्यम" म्हणावी अशी जुळणी.

त्याआधी, २००२ मध्ये, किबलर यांनी फऱ्याच्या हालचालीचे चार प्रकार पाडून बघितले होते, तीन बिघाडाचे आणि एक ठीक. त्यात दोन तपासनिसांतली जुळणी याहून कमी होती. प्रकार जितके बारीक पाडाल तितकं एकमत कमी होतं. मी "ठळक बिघड" एवढ्यालाच किंमत देते. त्यानंतर एक साधी गोष्ट करून बघते: फऱ्याला हाताने आधार देऊन पेशंटला पुन्हा हात वर न्यायला सांगते. दुखणं कमी झालं तर फऱ्याच्या व्यायामांचा उपयोग होईल अशी आशा धरायला जागा आहे.

तपासणी "पॉझिटिव्ह" आली म्हणजे माझा स्नायू फाटलाय का?

एका तपासणीवरून असं कुणीही सांगू शकत नाही. हॉकिन्स, नीअर, जोब, ओब्रायन अशा नावांच्या डझनावारी तपासण्या आहेत. बहुतेकांत हात एका कोनात आणून दाब दिला जातो आणि दुखलं का विचारतात. दुखतं हे खरं असतं, पण त्या कोनात एकाच वेळी तीन-चार गोष्टी दाबल्या जातात. कोण ओरडतंय ते कळत नाही.

ओब्रायन तपासणीचं उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं. १९९८ मध्ये ती ज्यांनी मांडली त्यांच्या लेखात सांध्याच्या कडेची कूर्चा फाटल्याचं ओळखण्याची क्षमता जवळजवळ शंभर टक्के दाखवली होती. इतरांनी करून पाहिल्यावर ती खूपच खाली आली. तपासणी शोधणाऱ्याच्या हातात ती नेहमीच चमकते. २००८ आणि २०१२ मध्ये हेगेडस आणि सहकाऱ्यांनी खांद्याच्या अशा तपासण्यांवरचं संशोधन एकत्र करून तपासलं, आणि कुठलीही एकच तपासणी निदानाला पुरेशी नाही असं निघालं.

मग सरळ एमआरआयच का करू नये?

कारण एमआरआयमध्ये दिसलेली गोष्टच दुखण्याचं कारण आहे असं सिद्ध होत नाही. १९९५ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचा एमआरआय काढला. ३४ टक्के जणांच्या स्नायुबंधात फाट दिसली. साठीच्या पुढे तर ५४ टक्के. ही सगळी माणसं आपापली कामं करत होती. पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तपासणीला उशीर करू नये.

मला डायबेटिस आहे, "फ्रोझन शोल्डर" म्हणाले. हे निदान पक्कं कशावरून?

आखडलेला खांदा हे खांद्याच्या दुखण्यांतलं तपासणीवर सगळ्यात भरवशाने ओळखता येणारं दुखणं आहे, आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये ते इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. कोपर कमरेला चिकटवून, ९० अंशांत वाकवून, तपासणाऱ्याने हात बाहेर फिरवायचा. चांगल्या बाजूच्या मानाने दुखरी बाजू स्पष्टपणे लवकर अडली, आणि पेशंटने स्वतः फिरवलं तरी तिथेच अडली, तर संशय बळावतो. यात फरक इतका मोठा असतो की पाच-दहा अंशांच्या चुकीने निकाल पालटत नाही, आणि बाहेर फिरवणं ही दोन तपासनिसांमध्ये चांगली जुळणारी हालचाल आहे.

तरी एक्स-रे काढावाच. सांध्याची झीज असेल तरी असंच अडतं. खांदा मागच्या बाजूला निखळून अडकला असेल तरीही हात बाहेर फिरत नाही, आणि समोरून काढलेल्या एका एक्स-रेमध्ये ते निसटू शकतं. फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा धरला असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा.

माझा मुलगा फास्ट बोलर आहे. त्याचा हात आत कमी फिरतो म्हणतात.

फेकणाऱ्या हाताचं हे नेहमीचंच आहे. आत फिरणं कमी होतं आणि बाहेर फिरणं तेवढंच वाढतं. म्हणून दोन्हींची बेरीज करून ती दुसऱ्या हाताच्या बेरजेशी ताडायची. बेरीज जवळपास सारखी असेल तर आत फिरणं कमी दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. आणि वर सांगितलंय ते आठवा: ही हालचाल मोजायला कच्ची. हंगामाच्या आधी आणि नंतर एकाच माणसाकडून मोजून घ्या.

डोळे मिटून हात ठरावीक ठिकाणी न्यायची तपासणी कशासाठी?

खांदा निखळून गेलेल्या, किंवा ऑपरेशन झालेल्या माणसाला हाताच्या जागेची जाण कितपत उरली आहे ते बघायला. डोळे बांधून हात एका कोनात नेतात, क्षणभर थांबवतात, खाली आणतात आणि "आता तिथेच न्या" सांगतात. किती अंशांनी चुकलं ते मोजतात. निरोगी माणूसही काही अंशांनी चुकतोच, आणि मोजण्यातली चूकही जवळपास तेवढीच असते. त्यामुळे एकदा करून आलेल्या आकड्याला अर्थ नाही. निदान पाच-सहा वेळा करून सरासरी घ्यावी लागते. आमच्या दवाखान्यात मी ही तपासणी व्यायाम म्हणूनच जास्त वापरते.

मोबाइलच्या ॲपने मोजलं तर चालेल?

चालेल. फोनमधला कलमापक चांगला असतो आणि हात वर नेण्याच्या हालचालींत तो गोनिओमीटरच्या तोडीस तोड ठरतो. फोन दंडावर दर वेळी त्याच जागी, पट्ट्याने बांधून ठेवा. हातात धरला की मनगट वळतं आणि आकडा बिघडतो. आत फिरवण्याच्या हालचालीत फोनही तितकाच अडखळतो, कारण तिथे चूक यंत्राची नसतेच, फरा धरण्याची असते.

अपघातानंतर दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा आहे. तिथेही हेच मोजमाप का?

हो, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त काळजी हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अनेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची मर्यादा आहे. हाताची टक्केवारी काढताना सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि रोजची कामं करण्याची क्षमता हे सगळं धरतात, आणि हालचाल गोनिओमीटरनेच मोजतात. चाळीसच्या आसपास असलेल्या माणसाच्या बाबतीत काही अंशांचा फरक त्याच्या नोकरीच्या अर्जापर्यंत पोचू शकतो.

जाताना जुने सगळे अहवाल तारखांसह न्या. त्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर सांगा. चांगली बाजूही मोजायला विनंती करा, कारण खांद्याची नेहमीची हालचाल वयाप्रमाणे आणि माणसाप्रमाणे बदलते. पुस्तकातले १८० अंश सत्तरीच्या माणसाकडून अपेक्षित धरणं अन्यायाचं आहे.

अहवालावर काय लिहून घ्यावं?

तारीख आणि वेळ. कुणी मोजलं. बसवून की झोपवून. स्वतः हलवला की हलवून दिला. दुखणं सुरू झालं तिथपर्यंत की अडला तिथपर्यंत. कशाने मोजलं. दोन्ही बाजू. आधी शेक किंवा व्यायाम झाला होता का. थेरपिस्टकडे हे मागायला संकोच करू नका, चांगल्या थेरपिस्टला ते आवडतंच. आणि गाव किंवा दवाखाना बदलणार असाल तर निघण्याआधी जुन्या थेरपिस्टकडून एकदा मोजून घ्या, नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात पुन्हा मोजा, आणि त्या नव्या आकड्यालाच पुढची सुरुवात माना.